मावळातील हरितगृह-गुलाबशेती : पाणी व विजेचा खर्च

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, मुख्यतः तळेगाव दाभाडे परिसरात, निर्यातीसाठी होणारी पॉलिहाउसमधील फुलशेती. १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनासाठी येथील गुलाब युरोपासह परदेशांत जातात. भाव तिकडच्या बाजारात ठरतो; उत्पादकाच्या हाती राहतो तो खर्चच. त्यातली सर्वांत सोपी बचत त्याच्या डोक्यावर आहे. एक एकर, म्हणजे सुमारे ४,००० चौ. मी. छपरावर १,००० मिमी पाऊस झाला, तर ४० लाख लिटर पाणी पडते. पन्हळींतून ते अस्तर घातलेल्या शेततळ्यात नेता येते. तळे जागा खाते आणि अस्तर महाग पडते, हा आक्षेप खराच. पण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ठिबकचे ड्रिपर कमी चोंदतात, विद्राव्य खत मोजून देता येते आणि बोअरचा उपसा वाचतो. शीतगृहाची वीज मात्र अशी सुटत नाही. फुले २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावीच लागतात. तेथे उपाय साधे : दाराचे रबर धड ठेवणे, फुले ऊन चढण्याआधी तोडणे. नवे पॉलिहाउस उभारणाऱ्याने आधी तळ्याची जागा आखावी, मग छपराची.