नाण्याएवढी स्मृती

वाद्य जुने झाले म्हणजे त्याच्या तारा गंजतात, खुंट्या सैल होतात, भोपळ्याला तडा जातो, हे आपल्या परिचयाचे आहे. परंतु वाद्याला विस्मरण व्हावे, कालपर्यंत मुखोद्गत असलेले सारे त्याने एका रात्रीत विसरावे, ही व्याधी आपल्या वाडवडिलांच्या कानी कधी आली नव्हती. ती विसाव्या शतकाच्या अखेरची. १९८०च्या दशकात तयार झालेली, गिटारच्या स्वराला निरनिराळे रंग देणारी पुष्कळशी विद्युत्‌यंत्रे आज या व्याधीने ग्रस्त आहेत. त्यांचे अन्य सर्व अवयव धडधाकट असतात. संपलेला असतो तो आतील पाटीवर डाख देऊन पक्का बसविलेला, नाण्याएवढा एक विद्युत्‌घट. या क्षुद्र वस्तूवर एवढा भार कसा येऊन पडला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या आरंभीच्या काळात स्मृती ही वादकाची होती, यंत्राची नव्हती. १९७०मध्ये अमेरिकेत बाजारात आलेले मिनिमूग हे वाद्य घ्या. त्याच्या दर्शनी पाटीवर बटणांची आणि कळांची दाटी असे. एखादा सुरेख ध्वनी साधला की, कोणते बटण किती फिरविले होते, हे कागदावरील आकृतीत खुणा करून टिपून ठेवावे लागे. पुढल्या बैठकीला त्या खुणा पाहून पुन्हा तीच जुळवाजुळव! गिटारवादकाची स्थिती याहून निराळी नव्हती. त्याच्या ॲम्प्लिफायरची बटणे जिथे असतील तिथेच त्याचा स्वर. बटण हलले की स्वर बदलला.

हा जाच संपविण्याचे मोठे श्रेय कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ या अभियंत्याकडे जाते. १९७८मध्ये त्यांनी प्रॉफेट-५ हे वाद्य पुढे आणले. त्यात एक सूक्ष्मसंगणक बसविलेला होता, आणि वादकाने सिद्ध केलेले चाळीस ध्वनी ते वाद्य स्वतःच ध्यानात ठेवी. एक कळ दाबावी, की जुना ध्वनी जसाच्या तसा उभा! वीज बंद केल्यावरही हे ध्वनी शिल्लक राहत, कारण स्मृतीच्या चकत्यांना आतल्या घटाचा आधार दिलेला होता.

येथे जरा थांबून ही स्मृती कशी चालते ते पाहिले पाहिजे. चकतीत ट्रान्झिस्टरांचे लहान लहान संच असतात आणि प्रत्येक संच ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढी एकच गोष्ट धरून ठेवतो. धरून ठेवण्यासाठी त्याला विजेचा अखंड पुरवठा लागतो. पुरवठा तुटला की तो सारे विसरतो. फ्रँक वॉनलास आणि चिह-तांग साह यांनी १९६३मध्ये सीमॉस नावाची जी ट्रान्झिस्टर-रचना मांडली, तिचा गुण असा की, काम चालू नसताना ती जवळजवळ वीज खातच नाही. हा मितव्यय नसता, तर नाण्याएवढ्या घटाने वर्षानुवर्षे स्मृती सांभाळणे केवळ अशक्य होते.

१९८३मध्ये निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून मिडी नावाची सामाईक संकेतपद्धती अमलात आली. त्याच वर्षी जपानच्या यामाहाने बत्तीस ध्वनी आत साठविणारे डीएक्स-७ बाजारात आणले, आणि त्याचा खप दीड लाखाच्या वर गेला. मग ही सोय गिटारवादकांपासून दूर राहणे शक्य नव्हते. १९८७मध्ये अमेरिकेतील एडीए या संस्थेने एमपी-१ हे यंत्र काढले. आत जुन्या पद्धतीच्या काचेच्या निर्वात नळ्या, आणि त्यांच्या जोडीला एकशे अठ्ठावीस स्वररचना ध्यानात ठेवणारी अर्वाचीन स्मृती, असा दोन युगांचा संगम त्यात होता. पायाने एक कळ दाबली की मंद, निर्मळ स्वराच्या जागी गर्जना उमटे. त्या दशकाच्या उत्तरार्धातील कित्येक रंगमंचांवर अशा यंत्रांचे राज्य होते.

या यंत्रांत सामान्यतः लिथियमचा तीन व्होल्टचा घट असे. त्याची सर्वपरिचित जात म्हणजे सीआर २०३२. नावातच त्याचे माप आहे : व्यास वीस मिलिमीटर आणि जाडी तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. त्याचा साठा सुमारे २२० मिलिॲम्पिअर-तासांचा. स्मृतीने दोन मायक्रोॲम्पिअर वीज घेतली, असे धरले, तर हा साठा एक लक्ष दहा हजार तास, म्हणजे साडेबारा वर्षे पुरतो. मग तो डाख देऊन का बसविला? गावोगाव हिंडणाऱ्या, धक्के खाणाऱ्या यंत्रात स्प्रिंगच्या चिमट्यात धरलेला घट क्षणभर निसटला, तरी सारी स्मृती पुसली जाण्याचे भय. डाखाने ते भय टळले. मात्र यंत्र घटापेक्षा दीर्घायुषी ठरेल आणि तीस-चाळीस वर्षांनीही कोणी ते प्रेमाने वाजवील, हा विचार त्या योजनेत बसला नाही.

याचे मोल मला एका प्रसंगाने कळले. माझ्या भाच्याने असे एक जुने यंत्र एका दिवंगत वादकाच्या मुलाकडून घेतले. त्या वादकाने अनेक वर्षे खपून सिद्ध केलेल्या स्वररचना त्यात जशाच्या तशा होत्या. घट क्षीण झाल्याची सूचना यंत्र देऊ लागले, तेव्हा आम्ही मामा-भाच्यांनी उत्साहाने तापती कथिलाची कांडी हाती घेतली आणि जुना घट उपटून नवा बसविला. यंत्र उत्तम चालले. पण त्या वादकाचे असे त्यात काही उरले नव्हते. त्याच्या मुलाला हे सांगताना भाच्याला शब्द सापडेनात.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम नक्कल, मग शस्त्रक्रिया. मिडीच्या तारेने आतील सर्व रचना संगणकावर उतरवून घेता येतात. काही जुन्या वाद्यांत साध्या कॅसेटवर उतरविण्याची सोय असते. त्यानंतर वीज तोडावी आणि आतील भारधारक रिते होऊ द्यावेत. निर्वात नळ्यांच्या यंत्रात हे जाणत्याकडूनच करवावे. धन व ऋण बाजू टिपून डाख वितळवावा. नव्या घटाला प्रत्यक्ष आच लावू नये, कारण लिथियमचा घट तापला तर फुटतो. पाटीवर होल्डर बसवून त्यात घट सरकवावा, म्हणजे पुढच्या पिढीला कांडी तापवावी लागणार नाही.

१९८४मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विजेवाचूनही टिकणारी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. तिचा प्रसार झाल्यावर नव्या यंत्रांना स्मृतीसाठी अशा घटाची गरज उरली नाही. जुन्यांना ती आहेच, आणि त्यांतील प्रत्येक घट आज आपले शेवटचे तास मोजतो आहे. सरकारी दप्तरात दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याला नकलेचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते. कागदाची नक्कल केल्याशिवाय मूळ प्रत मी कधी हलविली नाही. त्या यंत्रातही एक दप्तरच होते, हे मात्र मला वेळेवर उमगले नाही.