जाम इंजिन आणि आपली अॅम्बॅसॅडर



इकडे अमेरिकेत जुन्या गराजांत धूळ खात पडलेली एमजीए अजूनही सापडते. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५५ ते १९६२ या काळात ॲबिंग्डनला बनली. लाखभर गाड्या झाल्या, त्यातल्या बहुतेक निर्यात झाल्या.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत शिरते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीला गंजून चिकटतात. इंजिन जाम! अशा वेळी घाईने स्टार्टर मारला तर रिंगा तुटायची भीती. त्यापेक्षा प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतायचं, आठवडाभर थांबायचं, मग टॉप गिअरमध्ये गाडी हळूच मागेपुढे ढकलायची. केसभर हलली तरी जिंकलो! पुन्हा तेल, पुन्हा धीर.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या एमजीएमधलं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन १९५९ पासून आपल्या अॅम्बॅसॅडरमध्येही आलं. ट्यूनिंग वेगळं, कार्ब्युरेटर दोनाऐवजी एक, पण घराणं तेच. इकडे ते हौसेचं होतं, म्हणून पडून गंजलं. तिकडे टॅक्सीवाल्याचं पोट त्याच्यावर होतं, म्हणून झिजलं, उघडलं गेलं, पुन्हा बसवलं गेलं. जाम व्हायला त्याला सवड मिळालीच नाही.

२०१४ मध्ये अॅम्बॅसॅडर बंद झाली. गावी कुणाच्या अंगणात एखादी उभी असेल, तर महिन्यातून एकदा तरी फिरवायला सांगा.

चूभूद्याघ्या.