इंग्रजी अध्यापनातील वर्गभाषा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परकी भाषा शिकविताना वर्गात जी भाषा प्रत्यक्ष व्यवहारासाठी वापरली जाते तिला ‘वर्गभाषा’ असे म्हणता येईल. हजेरी घेणे, पुस्तक उघडण्यास सांगणे, प्रश्न विचारणे, चूक दुरुस्त करणे, शाबासकी देणे, परवानगी मागणे, न समजलेले पुन्हा विचारणे या सर्व क्रिया ठरावीक शब्दांनी आणि वाक्यांनी पार पडतात. ‘ओपन युअर बुक्स’, ‘रिपीट आफ्टर मी’, ‘मे आय कम इन, सर?’ ही वाक्ये महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. व्याकरण, वाङ्मय आणि पाठ्यपुस्तके यांच्या इतिहासाची चर्चा पुष्कळ होते. या लहानसहान वाक्यांनाही इतिहास आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत निबंधात वर्गभाषेच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे पाहून, या भाषेत विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमके काय आले, या प्रश्नाचा विचार केला आहे.

लॅटिनची पूर्वपरंपरा

इंग्रजी ही शिकविण्याची भाषा होण्यापूर्वी अनेक शतके युरोपातील शाळांमध्ये लॅटिन शिकविली जात होती. वर्गभाषेचा आरंभ तेथेच शोधावा लागतो. इंग्लंडमधील सर्न येथील मठात नवशिक्यांना शिकविणाऱ्या एल्फ्रिक या भिक्षूने इ. स. 1000च्या सुमारास गुरू व शिष्य यांच्यातील एक लॅटिन संवाद रचला. त्यात शिष्य नांगऱ्या, मेंढपाळ, कोळी, व्यापारी, आचारी अशा भूमिका घेऊन आपापल्या कामाविषयी बोलतात. या संवादाचा आरंभ विशेष लक्षणीय आहे. पहिले वाक्य गुरूच्या तोंडी नसून शिष्यांच्या तोंडी आहे. आम्हांला शुद्ध लॅटिन बोलावयास शिकवा, अशी विनंती ते करतात. शिकताना छडी खाण्याची तयारी आहे काय, असा प्रश्न गुरू विचारतो. म्हणजे शिस्तीचा बडगा तेथेही होताच. तथापि बोलण्याचा पुढाकार शिष्यांकडे होता.

हीच परंपरा सोळाव्या शतकात विस्तारली. इरॅस्मसने पॅरिसमध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली संभाषणाची वाक्ये 1518 मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झाली. अभिवादन कसे करावे, प्रकृती कशी विचारावी, आभार कसे मानावेत, याचे पर्यायी साचे त्यात दिलेले होते. जिनिव्हा येथील शिक्षक माथ्युरँ कॉर्दिए यांचे शालेय संवाद 1564 मध्ये प्रसिद्ध झाले. एकमेकांजवळ लेखणी वा कागद मागणारी, उशिरा येण्याचे कारण सांगणारी, बाहेर जाण्याची परवानगी मागणारी मुले त्यात आढळतात. शाळेतील दिवसभराच्या गरजा हाच त्या पाठांचा विषय होता. इंग्लंडमधील शाळांतही हे पुस्तक दीर्घकाळ वापरात राहिले.

भाषांतर पद्धतीचा काळ

पुढे लॅटिन बोलण्याची गरज ओसरली. भाषा शिकणे म्हणजे नियम पाठ करणे व सुट्या वाक्यांचे भाषांतर करणे, अशी धारणा एकोणिसाव्या शतकात दृढ झाली. याच काळात मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षणाची पायाभरणी झाली. पंतोजींच्या शाळेतील उजळणी, पाढे व मोडी लेखन यांच्याशेजारी नवी विद्या आली. शालेय पुस्तके तयार करण्यासाठी मुंबईत 1822 मध्ये संस्था स्थापन झाली. 1854च्या वूड यांच्या खलित्याने देशी भाषांना बहुजनांच्या शिक्षणात आणि इंग्रजीला उच्च शिक्षणात स्थान दिले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रवेश परीक्षेच्या निमित्ताने इंग्रजी ही शाळेची दिशा ठरविणारी भाषा बनली.

या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी समाजाच्या सर्व थरांत एकसारखी नव्हती. ज्यांना परंपरेने विद्येची दारे बंद होती त्यांना इंग्रजी ही मुक्तीचे साधन वाटली. सावित्रीबाई फुले यांच्या ‘काव्यफुले’ या 1854च्या संग्रहात इंग्रजीला मातेच्या ठिकाणी मानले आहे, ते याच भूमिकेतून. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, सरकारचा शिक्षणावरील खर्च उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि रयतेची मुले प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, हे परखडपणे मांडले. इंग्रजी कोणाला मिळते हा प्रश्न त्यांनी उभा केला. वर्गात बसावयास मिळाल्यावर इंग्रजी बोलावयास मिळते काय, हा त्याचाच पुढचा भाग होय.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाषांतर पद्धतीत नकारार्थी होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी भाषकांच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचनेचा पक्का पाया दिला, हे तिचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु या पद्धतीत वाक्य हे सोडवावयाचे उदाहरण असते. ते कोणी कोणाला उद्देशून म्हटलेले नसते. वर्गातील खरा व्यवहार मराठीत चाले आणि इंग्रजी फळ्यावर व वहीत राही.

प्रत्यक्ष पद्धती आणि आज्ञार्थी वाक्ये

युरोपात या पद्धतीविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी 1878 मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे काढलेल्या शाळेत शिकणाऱ्याची मातृभाषा वर्ज्य ठरली. फ्रान्स्वा गुआँ यांनी 1880 मधील आपल्या ग्रंथात क्रियांची मालिका मांडली : दाराकडे जाणे, दाराजवळ पोहोचणे, कडी फिरविणे, दार उघडणे. प्रत्येक क्रिया करीत तिचे वाक्य उच्चारावयाचे, असा हा क्रम होता. वर्गातील दार, खुर्ची, फळा व खडू हेच पाठ्यसाहित्य झाले.

हॅरॉल्ड पामर यांनी या विचाराला शास्त्रीय शिस्त दिली. ते 1922 मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषासल्लागार म्हणून टोकियोस गेले आणि 1936 पर्यंत तेथे राहिले. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ या पुस्तकात आज्ञा ऐकून कृती करण्याचे क्रमबद्ध पाठ आहेत. आधी ऐकणे, मग कृती आणि त्यानंतर बोलणे हा त्यातील क्रम नवशिक्याची भीती घालविणारा होता. याच सुमारास ढाक्यात कार्यरत असलेले मायकेल वेस्ट यांनी 1926 मधील आपल्या अभ्यासात निराळा मुद्दा मांडला. बंगालमधील बहुसंख्य मुले शाळा लवकर सोडतात. म्हणून मर्यादित शब्दसंग्रहाच्या आधारे प्रथम वाचनक्षमता द्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपयुक्त शब्दांची निवड हा विषय पुढे त्यांच्या 1953च्या सुमारे 2000 शब्दांच्या सूचीत पूर्णत्वास गेला.

प्रत्यक्ष पद्धतीने इंग्रजी वहीतून वर्गात आणली. मात्र तिची एक मर्यादा होती. आज्ञार्थी वाक्य शिक्षकाच्या मुखी शोभते. ‘स्टँड अप’ हे वाक्य विद्यार्थ्याला पूर्णपणे समजते, पण शिक्षकाला उद्देशून ते त्याला कधीच उच्चारता येत नाही. परिणामी ऐकण्याचा साठा वाढला, बोलण्याचा वाढला नाही. ‘येस सर’, ‘नो सर’, ‘प्रेझेंट सर’ एवढाच त्याचा वाटा उरला.

1975 नंतरचे संशोधन

वर्गातील बोलणे हा स्वतंत्र अभ्यासविषय होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. सिंक्लेअर व कूल्टहार्ड यांनी 1975 मध्ये इंग्लंडमधील वर्गांतील संवादांचे विश्लेषण करून एक त्रिपदी रचना दाखविली : शिक्षकाचा आरंभ, विद्यार्थ्याचे उत्तर व शिक्षकाचा अभिप्राय. या तिन्हींपैकी दोन पदे शिक्षकाची असतात. 1981 मध्ये जेन विलिस आणि ग्लिन ह्यूज यांची वर्गातील इंग्रजीविषयीची दोन स्वतंत्र पुस्तके आली आणि वर्गभाषेची कार्यानुसार विभागणी शिक्षकांच्या हाती पडली. भारतात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली 1979 ते 1984 या काळात बंगळूर प्रकल्प राबविण्यात आला. अर्थाकडे लक्ष असताना भाषा आत्मसात होते, या भूमिकेतून तेथे विद्यार्थ्यांना सोडविण्याजोगी कामे देण्यात आली.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात 2000 सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला आणि वर्गभाषेचा प्रश्न गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचला. येथे एक विसंगती नजरेस येते. इंग्रजीतील शालेय नामे मराठीने सहज सामावून घेतली : सर, मॅडम, बेंच, पिरियड, होमवर्क, पेपर, मार्क, रिझल्ट. ‘ऑफ पिरियड’ तर मराठी विद्यार्थ्याच्या आनंदाचाच शब्द. परंतु या नामांसोबत वाक्ये आली नाहीत. ‘मला हे समजले नाही’, ‘पुन्हा एकदा सांगाल का?’, ‘या शब्दाचा अर्थ काय?’, ‘मला निराळे वाटते’ ही वाक्ये इंग्रजीत सहज म्हणणारा विद्यार्थी मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्यांत विरळाच. न कळलेले विचारण्याची भाषा नसल्यामुळे तो गप्प बसतो आणि त्याच्या मौनाचा अर्थ मंदबुद्धी वा अनास्था असा लावला जातो. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांच्यापेक्षा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ही उणीव अधिक जाचते.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. 1) वर्गभाषेची परंपरा इंग्रजी अध्यापनाहून जुनी असून तिच्या आरंभकाळात विद्यार्थ्याच्या विनंतीला व प्रश्नाला मानाचे स्थान होते. 2) भाषांतर पद्धतीत वर्गभाषा लोपली, प्रत्यक्ष पद्धतीत ती परतली, पण मुख्यतः शिक्षकाच्या आज्ञांच्या रूपाने. 3) वर्गात इंग्रजी खऱ्या गरजेपोटी वापरण्याची संधी विद्यार्थ्याला परवानगी, शंका व मतभेद व्यक्त करतानाच सर्वाधिक मिळते. म्हणून उपयुक्त वाक्यांची यादी करताना शिक्षकाच्या सूचनांआधी विद्यार्थ्याच्या प्रश्नांची यादी करणे उचित ठरेल. 4) अशी वाक्ये पाठ करून घेणे पुरेसे नाही. प्रश्न अडखळत विचारला तरी त्याचे स्वागत होणे आणि प्रसंगी मराठीचा आधार घेऊ देणे आवश्यक आहे. फुले यांनी मांडलेला विद्येच्या वाटणीचा प्रश्न आज वर्गाच्या दारातच थांबत नाही. वर्गात बोलण्याची पाळी कोणाला मिळते, येथपर्यंत तो येऊन पोहोचला आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रत्येक तासाला वर्गात जाणाऱ्या अध्यापकावर आहे.