एलईडी दिवे : प्रकार व निवड (सोलापूरच्या यंत्रमागांच्या संदर्भात)

अर्धवाहक डायोडमधून वीज वाहताना निघणारा प्रकाश वापरणारे दिवे. दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. मात्र पांढऱ्या प्रकाशासाठी कार्यक्षम निळ्या डायोडची वाट पाहावी लागली. त्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. भारतात २०१५ पासून ‘उजाला’ योजनेमुळे हे दिवे घरोघरी पोहोचले.

प्रकार : ‘डिप’ डायोडला दोन पाय व गोल टोपी असते; तो निर्देशक दिवे व फलकांत वापरतात. ‘एसएमडी’ चिपा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पसरून बसवतात; बल्ब, ट्यूब व पॅनेल बहुधा याच प्रकारचे असतात. ‘सीओबी’मध्ये अनेक चिपा एकाच थराखाली दाटीने बसवलेल्या असून झोत एकवटतो, म्हणून तो स्पॉटलाइटला सोयीचा. ‘फिलामेंट’ बल्ब शोभेसाठी असतो. डायोडला योग्य वीजप्रवाह पुरवणाऱ्या मंडलानुसार, म्हणजे ड्रायव्हरनुसारही भेद पडतो : स्वतंत्र ड्रायव्हर, किंवा चिपांच्याच पट्टीवर बसवलेला ‘डीओबी’. डीओबी स्वस्त पडतो, पण त्याच्या साध्या रचनांत प्रकाश लुकलुकण्याचे प्रमाण जास्त असते.

मागाच्या शेडमधील निवड : भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांचे उत्पादन शहराच्या पूर्वभागात व अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चालते. येथे नुसता उजेड पुरत नाही. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने निकृष्ट ड्रायव्हरचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. परिणामी मागाचे फिरते चाक थांबल्यासारखे भासून अपघाताचा धोका संभवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याखाली सरकते पट्टे दिसले, तर असा दिवा मागावर टाळावा.

सोलापूरचा उन्हाळा ४० अंश सेल्सिअसपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छताखाली उष्णता आणखी वाढते. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ठोकळमानाने दर १० अंश वाढीमागे निम्मे होते; त्यामुळे चिप शाबूत असतानाही दिवा बंद पडतो. सुताचे तंतू दिव्यावर साचले की उष्णता कोंडते. म्हणून शेडमध्ये ॲल्युमिनियमचे आवरण, धूळरोधक (आयपी ६५) बांधणी आणि स्वतंत्र, विद्युतदाबातील चढउतार सोसणारा ड्रायव्हर असलेली एसएमडी ट्यूब योग्य ठरते.

रंग जुळवणी : रंगखात्यात व माल तपासणीच्या टेबलावर वर्णदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा अधिक असावा, घरगुती बल्बमध्ये तो साधारण ८० असतो. ८० च्या दिव्यात गडद तांबडा रंग मंद दिसतो. शिवाय एका प्रकाशात सारख्या वाटणाऱ्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या निघू शकतात. त्यामुळे मालाची छटा ६५०० केल्व्हिनच्या, दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या दिव्याखाली ठरवतात.

खरेदीचे निकष : वॅट हे विजेच्या खपाचे माप आहे, उजेडाचे नव्हे, उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. त्यामुळे सारख्या वॅटच्या दोन दिव्यांत प्रति वॅट ल्युमेन, सीआरआय, ड्रायव्हरची हमी व भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहून निवड करावी. घरातील खोलीत स्वस्त बल्ब चालतो. मागावर मात्र तोच दिवा वारंवार बदलावा लागल्याने महाग पडू शकतो.