अजिंक्यतारा

सातारा शहराच्या दक्षिणेस लागून असलेला डोंगरी किल्ला. सातारचा किल्ला या नावानेही तो ओळखला जातो. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,००० मी., शहरापासून सुमारे ३०० मी. सह्याद्रीच्या बामणोली रांगेतील हा डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचा असून माथा सपाट व कडे तुटलेले आहेत. पश्चिमेकडील सोंड यवतेश्वराच्या डोंगराला मिळते. तीमधील बोगद्यातून सज्जनगडाकडे रस्ता जातो. मुख्य वाट वायव्येकडील दोन दरवाजांतून आहे. माथ्यावर मंगळाई, मारुती व महादेव यांची मंदिरे, तळी आणि वाड्यांचे अवशेष आहेत. येथून सज्जनगड, जरंडेश्वर व चंदन-वंदन दिसतात.

किल्ल्याचे बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस केल्याचे मानले जाते. पुढे तो बहमनी व आदिलशाही अंमलाखाली होता. आदिलशाहीत चांदबिबीला येथे कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला जिंकला. जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानी केली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने स्वतः वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ किल्ला लढविला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली सुरुंग उडविले. त्यांपैकी एक उलटून शेकडो मोगल सैनिकच गाडले गेले. मात्र राजाराम महाराजांचे निधन आधीच झाले होते व रसद संपत आली होती, त्यामुळे २१ एप्रिलला किल्ला देण्यात आला. औरंगजेबाने शाहजादा आझम याच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. ताराबाईंच्या सैन्याने तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा हे नाव रूढ झाले.

छत्रपती शाहूंनी किल्ला घेऊन १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक करविला. त्यांनीच पायथ्याशी शाहूनगर वसविले. राज्यकारभार खाली आल्याने किल्ला मुख्यतः बंदोबस्ताचे ठाणे उरला. १७५० मध्ये ताराबाईंनी छत्रपती रामराजांना येथेच कैदेत ठेवले. फेब्रुवारी १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. त्यांनी गादीवर बसविलेल्या प्रतापसिंहांनी राजवाडाही शहरातच बांधला. १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाल्यावर किल्ल्याचे राजकीय महत्त्व संपले. आज माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा असून शहरातून वर गाडीरस्ता जातो.