सिडनीच्या पदपथावरील एक शब्द : पुसल्या जाणाऱ्या लेखनाचे साधनमूल्य

शिलालेख आणि ताम्रपट ही इतिहासाभ्यासकाच्या विशेष विश्वासाची साधने होत. ती टिकावीत या हेतूनेच कोरलेली असतात आणि दाता कोण, ग्रहीता कोण, शक कोणता, याची नोंद बहुधा त्यांतच मिळते. याच्या नेमके उलट असे एक लेखन ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात तीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. ते खडूने, पदपथावर, बहुधा पहाटे केले जाई आणि पावसाने व पादचाऱ्यांच्या पावलांनी पुसले जाई. त्यावर नाव नसे, तिथी नसे. शब्द एकच असे : 'इटर्निटी', म्हणजे अनंतकाळ. अशा लेखनास ऐतिहासिक साधन मानता येईल काय, आणि मानल्यास त्यावरून काय निष्पन्न होते, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

लेखकाचे नाव आर्थर स्टेस. त्याचा जन्म १८८५ साली सिडनीच्या रेडफर्न या कष्टकरी वस्तीत झाला. आईबाप मद्यासक्त असल्याने बालपणीच तो सरकारी आश्रयाखाली गेला. शिक्षण जवळजवळ झाले नाही. पंधराव्या वर्षी तुरुंग, पुढे दारूचे व्यसन, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी सेवा, आणि नंतर पुन्हा व्यसन, असा त्याचा जीवनक्रम होता. ऑगस्ट १९३० मध्ये ब्रॉडवे येथील सेंट बार्नबस चर्चमधील सभेनंतर त्याने दारू सोडली. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी जॉन रिडली या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात, हा शब्द सिडनीच्या रस्त्यारस्त्यांतून घोषित करता यावा, अशी इच्छा प्रकट केली. स्टेसच्या खिशात खडू होता. बाहेर पडताच त्याने तो शब्द जमिनीवर लिहिला.

स्वतःचे नावही धड लिहिता येत नसताना हा शब्द वळणदार अक्षरांत सहज उमटला, असे त्याने पुढे सांगितले. येथे अभ्यासकाने सावध राहावयास हवे. ही साक्ष चोवीस वर्षांनंतरची आहे आणि ती एका श्रद्धावंताची आहे. घटनेचा पुरावा म्हणून ती अपुरी असली, तरी स्टेसला आपल्या आयुष्याचा अर्थ कसा लागला, याचा पुरावा म्हणून ती मोलाची ठरते. 'पाच लक्ष वेळा' हा प्रचलित आकडाही मोजणीचा नव्हे, अंदाजाचा आहे. पस्तीस वर्षांवर विभागल्यास तो दररोज सुमारे चाळीस पडतो. म्हणजे असंभाव्य नाही, पण सिद्धही नाही.

१९५६ पर्यंत लेखक अज्ञात होता. ज्या चर्चमध्ये स्टेस झाडलोट करी, तेथील पाद्री लाइल थॉम्पसन यांनी त्याला लिहिताना पाहिले. नंतर वृत्तपत्रातून त्याचे नाव प्रकट झाले. या अज्ञातपणाचा परिणाम दूरगामी झाला असे वाटते. रिडलीच्या मुखी हा शब्द इशारा होता : मरणोत्तर अनंतकाळ तू कोठे घालविणार? पदपथावर मात्र वक्ता नव्हता आणि प्रवचनही नव्हते. शब्द तेवढा उरला होता. १९३२ च्या मंदीत कामाच्या शोधात निघालेल्या माणसाने तो इशारा म्हणून वाचला की दिलासा म्हणून, हे त्याचे त्याने ठरवावयाचे होते. स्टेसचा हेतू उपदेशाचा होता यात शंका नाही. पण लेखनाचा अर्थ लेखकाच्या हेतूपाशी संपत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

स्टेस १९६७ साली निवर्तला. त्याच्या हातचे अस्सल अवशेष दोनच मानले जातात. एक पुठ्ठ्यावरील लेख कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरा सिडनीच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या घंटेच्या आत आहे. युद्धकाळी, १९४२ मध्ये, उतरविलेला तेथील मनोरा १९६० नंतरच्या दशकात पुन्हा उभारताना तो आढळला. घंटेच्या आत कोण वाचणार होते? लेखन पाहणाऱ्यासाठीच असते, हे आपले गृहीत तेथे डळमळते.

शब्दाचे उत्तरचरित्र याहून निराळे आहे. मार्टिन शार्प या चित्रकाराने तो आपल्या कलेत घेतला, आणि २००० सालच्या नववर्षारंभी सिडनीच्या बंदरावरील पुलावर तो दिव्यांनी झळकला. हा पूल खुला झाला तो मार्च १९३२ मध्ये, म्हणजे स्टेसच्या पहिल्या लेखनाच्या वर्षीच. ज्या शहरात पदपथावर असे लिहिणे हा नियमभंग होता आणि पोलीस स्टेसला हटकीत, त्याच शहराने हा शब्द उत्सवाचे चिन्ह म्हणून मिरविला. त्यातील इशारा लोपला होता आणि आशा उरली होती.

स्टेससारखा मनुष्य दप्तरांत बहुधा आरोपी, आश्रित किंवा शिपाई म्हणूनच भेटतो, आणि तेथील प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या हातची असते. हा एकच शब्द त्याने स्वतः निवडला व स्वतः लिहिला. तो रोज पुसला जाणार हे ठाऊक असूनही त्याने तो रोज लिहिला. टिकाऊपणावरूनच साधनाची योग्यता ठरविणाऱ्या इतिहासपद्धतीला हा दस्तऐवज दिसलाच नसता.