टू-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनाचे ट्यूनिंग

टू-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनाचे ट्यूनिंग म्हणजे टू-स्ट्रोक (द्विआघाती) इंजिनाचे पोर्ट, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर व प्रज्वलन यांत फेरफार करून त्याची शक्ती वाढवण्याची किंवा ती वेगळ्या फेऱ्यांवर मिळवण्याची प्रक्रिया होय. कच्च्या वाटा व घाटरस्ते यांवर चालणाऱ्या ट्रेल मोटारसायकलींसाठी केले जाणारे ट्यूनिंग शर्यतीच्या ट्यूनिंगपेक्षा वेगळे असते. शर्यतीत सर्वाधिक अश्वशक्तीला महत्त्व असते, तर ट्रेलवर कमी फेऱ्यांवरील ओढ, इंजिन थंड राहणे आणि टिकाऊपणा महत्त्वाचा ठरतो. भारतात हे ट्यूनिंग प्रामुख्याने यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीशी निगडित आहे.

इतिहास

आधुनिक टू-स्ट्रोक ट्यूनिंगचा पाया पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात घातला. एक्झॉस्ट नळीतील दाबलहरींचा उपयोग सिलिंडर भरण्यासाठी करून त्यांनी १९६१ मध्ये १२५ घसेंमी इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती मिळवली. त्याच वर्षी एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला व पुढे सुझुकीत दाखल झाला. त्याच्यासोबत हे तंत्रज्ञान जपानी कंपन्यांपर्यंत पोहोचले.

यामाहाने १९६८ मध्ये २४६ घसेंमीची डीटी-१ ही ट्रेल मोटारसायकल बाजारात आणली. तिच्यासाठी कंपनीनेच वेगळा सिलिंडर, पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर व एक्स्पान्शन चेंबर असा संच विकला. ट्रेल मोटारसायकलीला मोटोक्रॉसयोग्य करण्याचे हे सुरुवातीच्या काळातील ठळक उदाहरण आहे. या विषयावरील गॉर्डन जेनिंग्ज यांची पुस्तिका १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली व ती आजही वाचली जाते.

भारतातील स्थिती

भारतात टू-स्ट्रोक ट्रेल मोटारसायकली मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे कच्च्या वाटांसाठी रोजच्या वापरातील गाड्यांमध्येच बदल करण्याची पद्धत रूढ झाली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात बनवलेली आरएक्स १०० ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय गाडी ठरली. तिच्या ९८ घसेंमी इंजिनाची मूळ शक्ती ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सुमारे ११२ अश्वशक्ती होती. गाडीचे वजन सुमारे १०० किलो असल्याने ही शक्ती पुरेशी वाटे. महाराष्ट्रात पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोनेही कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल बनवली. प्रदूषणाची मानके २०००नंतर कडक होत गेली आणि रस्त्यावरील टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज ट्यूनिंगसाठी वापरली जाणारी बहुतेक इंजिने जुनी, अनेकदा रीबोअर केलेली असतात.

कार्यतत्त्व

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीत एकदा ज्वलन होते. झडपांऐवजी सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट पिस्टनमुळे उघडतात व बंद होतात. ताजे मिश्रण क्रँककेसमधून ट्रान्स्फर पोर्टद्वारे वर येते, त्याच वेळी जळालेला वायू एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो. दोन्ही पोर्ट काही काळ एकत्र उघडे असल्याने थोडे ताजे मिश्रण वाया जाते. हा अपव्यय कोणत्या फेऱ्यांना कमी करायचा, हे ट्यूनिंगमध्ये ठरवले जाते.

शक्ती ही पीळ (टॉर्क) व फेरे यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट व एक्झॉस्ट यांची मापे ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच एकमेकांना साथ देतात. म्हणून वरच्या फेऱ्यांवर मिळवलेली शक्ती बहुधा खालच्या फेऱ्यांवरील ओढ गमावून मिळते.

फेरफारांचे प्रकार

पोर्ट: एक्झॉस्ट पोर्टची वरची कड उंच केल्यास ते लवकर उघडते. आरएक्स १००च्या ५० मिमी स्ट्रोकमध्ये ही कड १ मिमी वर नेल्यास पोर्ट सुमारे २ ते २.५ अंश आधी उघडते व त्याचा एकूण उघडा काळ ४ ते ५ अंशांनी वाढतो. ट्रेल इंजिनात हा काळ साधारण १७० ते १८० अंश, तर मोटोक्रॉसमध्ये १८५ ते १९५ अंश ठेवतात. पोर्टची रुंदी बोअरच्या सुमारे दोन तृतीयांशाहून अधिक वाढवल्यास पिस्टन रिंग पोर्टमध्ये अडकून तुटण्याचा धोका असतो. घासलेला धातू परत भरता येत नसल्याने हे काम थोडे थोडे, मोजमाप करत केले जाते.

सिलिंडर हेड: एक्झॉस्ट पोर्ट उंच केल्यावर ते उशिरा बंद होते आणि प्रत्यक्ष दाब कमी होतो. तो भरून काढण्यासाठी हेड लेथवर घासून ज्वलनकक्ष लहान करतात. पिस्टनचा माथा व हेडची कड यांतील फट लहान इंजिनात साधारण १ मिमीच्या आसपास ठेवतात. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून, क्रँक फिरवून चेपलेल्या तारेची जाडी मोजली की ही फट कळते. फट फार मोठी असल्यास कडेचे मिश्रण आपोआप पेटून ठोका (नॉक) होऊ शकतो.

एक्झॉस्ट: एक्स्पान्शन चेंबरच्या शेवटच्या शंकूवरून परतणारी लहर बाहेर आलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पोर्टपासून त्या शंकूपर्यंतची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी लहरीचा वेग (मीटर प्रतिसेकंद) व एक्झॉस्टचा उघडा काळ (अंश) यांच्या गुणाकाराला फेऱ्यांच्या बारापटीने भागतात. वेग ५१८ मीटर प्रतिसेकंद व काळ १८५ अंश धरल्यास ९,००० फेऱ्यांसाठी ही लांबी ०.८९ मीटर, तर ७,५०० फेऱ्यांसाठी १.०६ मीटर येते. कमी फेऱ्यांवर ओढ हवी असल्यास चेंबर लांब लागतो. शर्यतीचा आखूड पाइप ट्रेलवर निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. सायलेन्सरमधील आतली जाळी काढून टाकल्याने आवाज वाढतो, पण शक्ती वाढतेच असे नाही.

कार्ब्युरेटर व रीड व्हॉल्व्ह: अधिक हवा घेणाऱ्या इंजिनाला अधिक पेट्रोलही लागते, म्हणून प्रत्येक फेरफारानंतर मेन जेट नव्याने ठरवावा लागतो. हवामान व उंचीचाही परिणाम होतो. उल्हास खोऱ्यातील वांगणी-बदलापूर परिसरात जुळवलेले मिश्रण सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात जड (रिच) होते, कारण तेथे हवेची घनता सुमारे १२ टक्के कमी असते. याउलट उंचावर जुळवलेली गाडी तळकोकणात आणल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिनाला धोका निर्माण होतो.

घनक्षमता: रीबोअरने फारसा लाभ होत नाही. ५० मिमीचा बोअर ५१ मिमी केल्यास क्षमता ९८ वरून केवळ १०२ घसेंमी होते. आरएक्स १३५चा ५८ मिमी बोअरचा सिलिंडर बसवल्यास ती १३२ घसेंमी होते, मात्र त्यासाठी क्रँककेसचे तोंड यंत्रावर मोठे करावे लागते.

ट्रेलसाठीचे बदल

कच्च्या वाटेसाठी पुष्कळदा इंजिनाला हात न लावता मागचा स्प्रॉकेट मोठा केला जातो. त्यामुळे सर्वाधिक वेग घटतो, पण चाकावरील ओढ वाढते. तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर धूळ अडवतो. फिल्टर काढून टाकल्यास धूळ थेट क्रँककेसमध्ये जाते व बेअरिंग, रिंग आणि सिलिंडर लवकर झिजतात. चढावर गाडी कमी वेगात व जास्त थ्रॉटलवर चालते. अशा वेळी हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर वारा कमी लागतो, म्हणून पंख्यांमधील (फिन) चिखल साफ ठेवणे आवश्यक असते.

धोके

विरळ मिश्रण हा ट्यूनिंगमधील सर्वांत मोठा धोका आहे. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच आत येते. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेल्या इंजिनात मिश्रण विरळ झाले की थंडावा व वंगण दोन्ही एकाच वेळी कमी होतात. पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो, यालाच इंजिन सीज होणे म्हणतात. धावत्या गाडीत असे झाल्यास मागचे चाक जागीच अडकते व स्वार फेकला जाऊ शकतो. क्लच तत्काळ दाबणे हाच तेव्हाचा उपाय असतो. सततच्या ठोक्यांमुळे पिस्टनच्या माथ्याला भोकही पडते. स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रणाचा अंदाज येतो: पांढरट रंग विरळ, बदामी योग्य, तर काळा व ओला जड मिश्रण दर्शवतो. शक्ती वाढली तरी जुने ड्रम ब्रेक व सांगाडा पूर्वीचेच राहतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याचा पुनरुच्चार केला. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या वाहनमालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई व पुणे येथील वाहतूक पोलीस बदललेले सायलेन्सर जप्त करून नष्ट करण्याच्या मोहिमा राबवतात. त्यामुळे ट्यून केलेल्या इंजिनाचा वापर बंदिस्त मार्गावरील शर्यतींपुरताच योग्य ठरतो. तेथे इंजिनातील फेरफारांच्या मर्यादा प्रत्येक गटाच्या नियमांत ठरवून दिलेल्या असतात.